बातमीचे पैसे घेतले तर बिघडलं कुठे?

तळटीप
सोमवार, रात्री १०:१४

काल आमच्याकडे सगळा गोतावळा जमला होता. जेवणं आटोपून मंडळी आडवी झालेली, टीव्हीवर कुठल्याशा नटाच्या मोडलेल्या संसाराची बातमी, 'सूत्रांकडून मिळालेल्या माहितीनुसार' वगैरे. काका म्हणाले, "सूत्रं कसली डोंबलाची! घरातली मोलकरीण नाहीतर ड्रायव्हर. हातावर पाच हजार टेकवले की पोपटासारखे बोलतात." आमच्या स्वयंपाकाच्या मावशी तिथेच ताटं गोळा करत होत्या. बोलल्या काहीच नाहीत, पण नंतर मोरीत भांडी जरा जास्तच वाजली.

तेव्हापासून डोक्यात भुंगा. रात्री बसून फारा फॉसेटचं प्रकरण पुन्हा वाचून काढलं. सत्तरच्या दशकातली अमेरिकन टीव्हीची फार मोठी नटी. २००६ मध्ये तिला कॅन्सर निघाला, लॉस एंजलिसच्या यूसीएलए रुग्णालयात उपचार सुरू झाले, आणि तिच्या तब्येतीच्या बारीकसारीक गोष्टी 'नॅशनल एन्क्वायरर' या साप्ताहिकात यायला लागल्या. बातमी रुग्णालयातूनच फुटतेय असा तिला संशय. पण सिद्ध कसं करणार? मे २००७ मध्ये आजार उलटला तेव्हा तिने ते घरच्यांना, मित्रमंडळींना मुद्दाम सांगितलंच नाही. काही दिवसांत एन्क्वायररमध्ये हजर! सापळा लागला. चौकशीत निघालं की रुग्णालयातली एक कर्मचारी तिची फाइल तिच्या स्वतःच्या डॉक्टरांपेक्षा जास्त वेळा उघडत होती. त्या बाईला मिळाले एकूण ४,६०० डॉलर, तेही नवऱ्याच्या नावच्या चेकने. खटला झाला, तिने गुन्हा कबूल केला, आणि शिक्षा सुनावली जाण्याआधीच ती वारली. फारा जून २००९ मध्ये गेली.

मला छळणारी गोष्ट ही की कॅन्सर झालेल्या बाईला आपलं दुखणं आपल्याच माणसांपासून लपवावं लागलं, कशासाठी, तर चोर पकडायला. आणि दुसरी गोष्ट, खटला झाला तो ४,६०० घेणारीवर. चेक फाडणारे?

तर इथल्या जाणकारांना विचारायचंय. गॉसिपवाल्यांनी बातमीसाठी पैसे मोजणं हे मुळातच वाईट, की कुणाला आणि कशासाठी मोजले त्यावर ठरतं? माझं मत अजून पक्कं नाही. पण काकांचं पटलेलं नाही एवढं नक्की.

--

झोपाळ्यावरचा
सोमवार, रात्री १०:२०

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. मावशी दुसऱ्या दिवशी कामाला आल्या का ते आधी सांगा.

--

तळटीप
सोमवार, रात्री १०:२३

आल्या. काकांच्या चहात साखर नव्हती म्हणे.

--

शिळाछाप
सोमवार, रात्री ११:०५

धागा चांगला आहे. मी २६ वर्षं एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर काढली, त्यातली सात-आठ सिनेमाच्या पुरवणीत. त्यामुळे थोडं आतलं सांगतो.

पहिली गोष्ट, तुमच्या काकांचे पाच हजार बहुतेक कल्पनेतलेच. आमच्याकडे खबर देणाऱ्याला पैसे द्यायला संपादकाकडे खर्चाचं हेडच नव्हतं! वार्ताहराच्या रिक्षाच्या बिलावरून अकाउंट्सवाला हुज्जत घालायचा, तिथे खबऱ्याला कुठून देणार. बातम्या फुटायच्या त्या रागावर. एक केशभूषाकार बाई होत्या, फार गोड बोलायच्या. हिरॉइनने सेटवर चारचौघांत पाणउतारा केला की संध्याकाळी साडेसहाला त्यांचा ऑफिसात फोन. स्पॉटदादा, मेकअपमन, ड्रायव्हर, सगळ्यांचं तेच. पैशाने जितक्या फुटल्या नसतील तितक्या बातम्या अपमानाने फुटल्या.

१९७१ मध्ये प्रकाशक नारी हिरांनी 'स्टारडस्ट' मासिक काढलं तेव्हा संपादक म्हणून बसवली विशीतली मराठी मुलगी, शोभा राजाध्यक्ष. पुढच्या शोभा डे. तोवर सिनेमासिकं म्हणजे नटनट्यांच्या आरत्या. हे मासिक आलं आणि कोण कुणाच्या गाडीतून उतरलं ते छापून यायला लागलं. इंडस्ट्री चिडली. पुढे अमिताभ बच्चन आणि सिनेपत्रकारांचंही जवळपास १५ वर्षं वाकडं होतं. ते छापत नव्हते, हा त्यांना सेटवर येऊ देत नव्हता.

आता मुद्द्याचं. विलायतेत वर्तमानपत्र बातमीसाठी पैसे मोजतं. आपल्याकडे बातमीतला माणूस वर्तमानपत्राला पैसे मोजतो. पत्रकार परिषद संपली की फाइल, पेन आणि पाकीट. पाकिटात काय ते उघडल्याशिवाय कळत नसे, आणि उघडलं की परत करणं अवघड. पाकीट पत्रकारिता हा शब्द उगाच नाही पडला. २००३ मध्ये टाइम्स समूहाने 'मीडियानेट' काढून त्याला चक्क दरपत्रक लावलं: शहर पुरवणीत चमकायचंय, पैसे भरा. आणि २००९ ची आपली विधानसभा निवडणूक आठवा. एकाच नेत्याची आरती, एकच मजकूर, शब्दाला शब्द, वेगवेगळ्या मराठी दैनिकांत वेगवेगळ्या लोकांच्या नावाने! पत्रकार पी. साईनाथांनी ते पुढ्यात मांडलं, नंतर प्रेस कौन्सिलला 'पेड न्यूज'वर समिती नेमावी लागली.

तेव्हा केशभूषाकार बाईंनी चार पैसे घेतलेही असते, तरी त्या निदान खरं तरी सांगत होत्या. पाकिटातून आलेलं आम्ही काय छापत होतो ते मला विचारू नका.

--

मृद्गंधा_७
सोमवार, रात्री ११:१८

शिळाछापकाका, तुम्ही पाकीट घ्यायचात का? ह. घ्या.

--

शिळाछाप
सोमवार, रात्री ११:३१

पेन घ्यायचो. अजून तीन आहेत, एक चालतं.

--

टेम्सकाठ
मंगळवार, पहाटे ३:४०

इथे (लंडनजवळ, २२ वर्षं) हा विषय निघाला की जुने लोक अजून 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'वर येतात. १८४३ चं साप्ताहिक, १६८ वर्षं चाललं, १० जुलै २०११ ला शेवटचा अंक. बंद पडलं ते फोन हॅकिंगने, खून झालेल्या एका शाळकरी मुलीचा व्हॉइसमेल त्यांच्या माणसांनी ऐकला हे बाहेर आल्यावर. पण त्याच्या किती तरी आधीपासून चेकबुक हेच त्यांचं मुख्य हत्यार. रविवारी ज्याची लफडी छापून यायची त्याच्या मैत्रिणीचं मानधन शुक्रवारपर्यंत ठरलेलं असायचं. मध्ये मॅक्स क्लिफर्डसारखे दलाल. दोन्हीकडून घ्यायचे: गोष्ट विकायला आलेल्या मुलीकडून कमिशन, आणि गोष्ट बाहेर येऊ नये म्हणून दुसऱ्याकडून फी.

पैसे देण्यात वाईट काय, याचं मला पटलेलं उत्तर गॉसिपमध्ये नाही, कोर्टात आहे. १९७९ चा जेरेमी थॉर्प खटला. ब्रिटनच्या लिबरल पक्षाचा माजी नेता, खुनाच्या कटाचा आरोप, ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी कोर्टात सुनावणी. सरकार पक्षाचा मोठा साक्षीदार पीटर बेसेल. त्याने 'संडे टेलिग्राफ'शी आधीच करार करून ठेवला होता: आरोपी सुटला तर २५ हजार पौंड, दोषी ठरला तर ५० हजार. वकिलाने तो कागद ज्युरीसमोर फडकवला आणि साक्षीची किंमत तिथेच संपली. थॉर्प सुटला. बेसेल खोटं बोलत होता का? कुणी सांगावं! पण दुप्पट पैसे मिळणारा माणूस खरं बोलला तरी ते ऐकू येत नाही.

त्यावरून शहाणपण यावं की नाही? २००२ मध्ये बेकहॅमच्या बायकोला आणि मुलांना पळवण्याचा कट 'उघड' केला न्यूज ऑफ द वर्ल्डने, पाच जण आत. जून २००३ मध्ये खटला कोसळला, कारण मुख्य साक्षीदाराला त्याच पेपराने १० हजार पौंड दिले होते. आता इथल्या संपादकांच्या आचारसंहितेत स्पष्ट कलम आहे: खटला सुरू झाल्यावर साक्षीदाराला पैसे द्यायचे नाहीत, आणि निकालावर अवलंबून असे पैसे तर कधीच नाहीत.

अवांतर: २००३ मध्येच 'सन' या दैनिकाची संपादिका रिबेका वेड (नंतरच्या रिबेका ब्रूक्स) खासदारांच्या समितीपुढे सहज बोलून गेली की पूर्वी आम्ही माहितीसाठी पोलिसांना पैसे दिलेत. शेजारी बसलेल्या अँडी कोल्सनने, 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'च्या तेव्हाच्या संपादकाने, लगेच सारवासारव केली. पुढे कोल्सन हॅकिंगच्या खटल्यात १८ महिन्यांची शिक्षा होऊन तुरुंगात गेला. ब्रूक्स निर्दोष सुटली.

--

चिंचोके
मंगळवार, सकाळी ९:०२

सगळे पैशावर तुटून पडलेत म्हणून जरा काडी टाकतो.

लॉर्ड्स, ऑगस्ट २०१०. पाकिस्तानच्या गोलंदाजांनी ठरवून नो-बॉल टाकले. आमिरचा तो पाय क्रीजच्या किती पुढे होता ते आठवतंय ना? आम्ही हॉस्टेलवर मॅच बघत होतो, एकाने 'हा झोपलाय काय' असं म्हटल्याचं अजून कानात आहे. झोपला नव्हता. 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'ने दीड लाख पौंड टेबलावर ठेवून ते नो-बॉल आधीच ठरवून घेतले होते आणि नोटा मोजतानाचं चित्रण केलं होतं. सलमान बट, आसिफ, आमिर आणि दलाल चौघेही २०११ मध्ये तुरुंगात गेले. सभ्य वर्तमानपत्रांना हे जमलं असतं? आयसीसीला जमलं होतं?

दुसरं. २००९ मध्ये ब्रिटनच्या खासदारांचे खर्च 'डेली टेलिग्राफ'ने छापले. जनतेच्या पैशातून कुणी खंदक साफ करवून घेतला, कुणी बदकांच्या घरट्याचं बिल लावलं. ती सगळी माहिती असलेली डिस्क पेपराने १ लाख १० हजार पौंड मोजून मिळवली होती. पैसे द्यायचे नाहीत या सोवळ्यात बसले असते तर बदकं अजून सरकारी घरट्यात असती.

आणि एन्क्वायररबद्दल. २००७-०८ मध्ये अमेरिकेचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार जॉन एडवर्ड्स, बायकोला कॅन्सर, याचं बाहेर प्रकरण. मोठमोठी दैनिकं नाक मुरडत बसली, पाठपुरावा केला तो एन्क्वायररने. ऑगस्ट २००८ मध्ये त्याला कबूल करावं लागलं. माजी बायकोच्या खुनाचा आरोप असलेला अमेरिकन फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन, त्याचा त्या विशिष्ट बुटांतला फोटो, जे बूट आपल्याकडे नव्हतेच असं तो शपथेवर सांगत होता, तोही त्यांनीच छापला.

तेव्हा पैसा म्हणजे विटाळ नव्हे. धार आहे, भाजी कापते, बोटही कापते.

--

टेम्सकाठ
मंगळवार, दुपारी १:१५

चिंचोके, लॉर्ड्सचा सापळा लावणारा 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'चा वार्ताहर मझहर महमूद. बेकहॅमचं कोसळलेलं प्रकरणही त्याचंच. आणि तोच २०१६ मध्ये १५ महिन्यांची शिक्षा होऊन तुरुंगात गेला, एका गायिकेवरच्या खटल्यात आपल्या ड्रायव्हरचा जबाब बदलून घेतल्याबद्दल. एकाच माणसाचे हे दोन्ही पराक्रम, एवढंच नोंदवतो.

शिवाय सिम्पसनचीच दुसरी बाजू. खुनाच्या रात्री त्याला गाडीतून भरधाव जाताना पाहिल्याचं एका बाईने सांगितलं. साक्ष म्हणून सोन्यासारखी. तिने ती एका टीव्ही कार्यक्रमाला ५ हजार डॉलरला विकली आणि सरकारी वकील मार्सिया क्लार्कने तिला खटल्यातूनच बाद केली. चाकू विकणाऱ्या दुकानदारांनी एन्क्वायररकडून १२,५०० घेतले, त्यांनाही मुख्य खटल्यात उभं केलं नाही. तुमची धार सरकारी पक्षाच्याच बोटावर बसली.

--

मृद्गंधा_७
मंगळवार, दुपारी १:४०

पण स्टिंग आणि 'शेजारीण काय म्हणाली त्याचे पैसे' या दोन गोष्टी एकाच टोपलीत का टाकताय? खासदाराचं बिल माझ्या पैशातलं. फारा फॉसेटचा कॅन्सर माझ्या कोणत्या पैशातला?

--

काळा डगला
मंगळवार, सायंकाळी ७:२६

कायद्याचं थोडक्यात, कोर्टातून आत्ताच आलोय.

सरकारी नोकराने माहितीसाठी पैसे घेतले तर सरळ लाचलुचपत, चर्चा संपली. डॉक्टर-नर्सना रुग्णाची गोपनीयता पाळणं बंधनकारक. बाकी ड्रायव्हर, स्वयंपाकी, वॉचमन यांनी काही सांगितलं तर त्यांनी कसली लेखी हमी दिली होती का, एवढाच प्रश्न. मोठ्या नटांकडे आता घरकामाच्या माणसांकडूनही गोपनीयतेच्या कागदावर सही घेतात. मी असे दोन-चार कागद पाहिलेत. चार पानं, इंग्रजीत, खाली अंगठा.

छापणाऱ्यासाठी १९९४ चा राजगोपाल निकाल बघा. तमिळ साप्ताहिक 'नक्कीरन'ला फाशीची शिक्षा झालेल्या ऑटो शंकरचं आत्मचरित्र छापायचं होतं, अधिकाऱ्यांना ते नको होतं कारण त्यात त्यांची नावं. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, माणसाचं घर, लग्न, मूलबाळ यांबद्दल संमतीशिवाय छापता येणार नाही. पण सार्वजनिक नोंदींत जे आहे ते, आणि अधिकाऱ्यांचं पदावरचं वागणं, यांना हे संरक्षण नाही. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपण मूलभूत हक्क झाला. सुशांतसिंह प्रकरणानंतर जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही मीडिया ट्रायलबद्दल वाहिन्यांना चांगलंच सुनावलं.

काकांना माझ्याकडून एवढं सांगा: मावशींना तुम्ही रजा, बोनस, नियुक्तीपत्र यांतलं काय देता? काही कागदावर नसताना घरातलं गुपित तेवढं कागदावर असल्यासारखं राखायचं, असा हा व्यवहार आहे.

--

झोपाळ्यावरचा
मंगळवार, सायंकाळी ७:३३

डगलेसाहेब, दंडवत.

--

ओसरी
बुधवार, सकाळी ७:५०

न्यू जर्सीहून. छापायला पैसे दिले यावर सगळे बोलताय, न छापायला दिलेल्या पैशांचं काय?

एप्रिल २०२४ मध्ये मॅनहॅटनच्या कोर्टात ट्रम्पवरच्या खटल्यात डेव्हिड पेकर साक्षीला उभा राहिला. एन्क्वायररच्या कंपनीचा माजी प्रमुख. रोज लंचला मी त्याची साक्ष वाचत होते, डबा गार व्हायचा. माणूस अजिबात लाजत नव्हता. आम्ही चेकबुक पत्रकारिता करायचो म्हणाला, संपादकाला १० हजार डॉलरपर्यंत मुभा, त्यापुढे मला विचारायचं. जसं आपल्याकडे मॅनेजरला सवलतीची मुभा असते ना, अगदी तसं.

ऑगस्ट २०१५ मध्ये ट्रम्प टॉवरमध्ये बैठक झाली, त्यात पेकरने ट्रम्पला कबूल केलं की तुमच्याविरुद्ध कुणी गोष्ट विकायला निघालं तर मी कळवीन. मग ट्रम्पच्याच एका इमारतीचा माजी दरवान आला, ट्रम्पला बाहेर एक मूल आहे अशी गोष्ट घेऊन. त्याला ३० हजार डॉलर दिले. शोध घेतल्यावर ती गोष्ट खोटी असल्याचं कंपनीला वाटलं, तरी करार ठेवला, आणि त्यात कलम: तोंड उघडलंस तर दहा लाख डॉलर दंड. मग कॅरन मॅकडूगल, ट्रम्पशी प्रकरण होतं असं सांगणारी मॉडेल, तिला दीड लाख. गोष्ट विकत घ्यायची आणि फडताळात टाकून द्यायची. इंग्रजीत याला 'पकड आणि मार' अशा अर्थाचं नाव आहे. आमच्या आजीने 'गिळून ढेकर न देणं' म्हटलं असतं. २०२१ मध्ये अमेरिकेच्या निवडणूक आयोगाने त्या कंपनीला १ लाख ८७ हजार ५०० डॉलर दंड केला.

म्हणजे बघा, वाचकाला वाटतं हे लोक छापण्यासाठी पैसे देतात. पण दुकान एकदा उघडलं की गिऱ्हाईक दोन्ही बाजूंनी येतं. टेम्सकाठ यांनी सांगितलेला तो क्लिफर्डही तेच करत होता.

आणि तळटीप, तुमच्या प्रश्नावर माझं हे: दरवानाने बोलायचे ३० हजार घेतले असते तर आपण त्याला नमकहराम म्हटलं असतं. गप्प बसायचे घेतले, तर त्याला करार म्हणतात.

--

तळटीप
बुधवार, सकाळी ८:३०

ओसरी, हेच मला सांगता येत नव्हतं. चिंचोके आणि मृद्गंधाचंही पटलं. पैसे हा एकटा गुन्हेगार नाही. टेलिग्राफने पैसे दिले आणि सगळं छापलं, एन्क्वायररने पैसे दिले आणि दाबलं. फाराच्या वेळी पैसे दिले आणि जे छापायचा हक्कच नव्हता ते छापलं. मला तरी आता वाटतं की पहिला प्रश्न 'किती दिले' हा नाहीच. ज्याच्याकडून घेतलं त्याला ते विकायचा अधिकार होता का? नवऱ्याने मारलं हे बाईचं स्वतःचं आहे, तिला विकायचं तर विकू दे. रुग्णाची फाइल कारकुनाची नाही.

--

चिंचोके
बुधवार, सकाळी ८:४४

आणि खासदारांची डिस्क? ती कुणाची होती? विकणाऱ्याची तर नव्हतीच.

--

तळटीप
बुधवार, सकाळी ८:५२

हं. अडकवलंत. ती माझी होती म्हणते. म्हणजे ब्रिटिश करदात्याची. थोडी ओढाताण होतेय, कबूल.

--

संपादक मंडळ
बुधवार, दुपारी २:१०

सध्याच्या एका नटीच्या खासगी आयुष्याबद्दल 'माझ्या ओळखीच्याने सांगितलं' म्हणून आलेले दोन प्रतिसाद काढून टाकले आहेत. धाग्याचा विषय काय आहे तो एकदा वाचावा ही विनंती.

--

झोपाळ्यावरचा
बुधवार, दुपारी २:१२

फुकटात दिलं बिचाऱ्याने.

--

रानमेवा
बुधवार, रात्री ९:१९

झोपाळ्यावरचा यांचं ते 'फुकटात दिलं' थट्टेचं वाटतं, पण खरं आता तसंच आहे. ऑक्टोबर २०२२, पर्थ. विराट कोहली नसताना त्याच्या हॉटेलच्या खोलीत कुणीतरी फिरून व्हिडिओ काढला. बूट, कपडे, औषधांच्या बाटल्या, देवाच्या मूर्ती. वर शीर्षक 'किंग कोहलीची खोली'. हॉटेलने माफी मागितली, संबंधितांना कामावरून दूर केलं. त्या व्हिडिओचे कुणी पैसे दिल्याचं ऐकलं नाही. लाइक्ससाठी काढला. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलिया भट आपल्या घरात बसलेली, समोरच्या गच्चीवर दोघे कॅमेरा रोखून. तिने मुंबई पोलिसांना टॅग करून लिहिलं तेव्हा ते फोटो उतरवले गेले.

चेक देणारा संपादक होता तेव्हा निदान कोर्टात खेचायला एक नाव होतं. आता प्रत्येकाच्या खिशात एन्क्वायरर.

--

सिस्टर इन्चार्ज
बुधवार, रात्री ११:५०

नाइट ड्यूटीवरून लिहितेय, मध्ये उठावं लागलं तर अर्धवट राहील.

फारा फॉसेटचं वाचून राहवलं नाही. काही वर्षांपूर्वी मी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात होते, नाव सांगत नाही. एक फार मोठे अभिनेते आमच्या मजल्यावर दाखल झाले. रजिस्टरला नाव वेगळं, दारावरच्या पाटीवर वेगळं, केस पेपर मेट्रनच्या कपाटात. आम्हा सगळ्यांचे मोबाइल ड्यूटीला आल्यावर ट्रेमध्ये.

आमच्या मजल्यावर एक मामा होते (वॉर्डबॉयला आम्ही मामाच म्हणतो). कंत्राटी, हातात बारा हजार, ते पण दहा तारखेनंतर. स्वभावाने इतके हळू की पेशंटला कूस बदलायची असली की नातेवाईक त्यांनाच हाक मारायचे. गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर त्यांना एकाने गाठलं. रिपोर्ट नको, फोटो नको, फक्त एवढं सांगा, आयसीयूत आहेत की रूममध्ये. मामांनी सांगितलं, रूममध्ये. दोन हजार मिळाले. मुलीच्या नर्सिंगच्या फॉर्मचे भरायचे होते.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे, 'प्रकृती स्थिर, आयसीयूतून बाहेर'. बातमी खरीच होती आणि चांगली होती. पण चौकशी लागली, टपरीवरचा सीसीटीव्ही बघितला आणि संध्याकाळी कंत्राटदाराने मामांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. मी सही केली त्या कागदावर, साक्षीदार म्हणून. मला विचाराल तर चूक होतीच. पेशंटचं काहीही बाहेर जाता कामा नये, चांगलं असो की वाईट. मी आजही माझ्या पोरींना तेच शिकवते.

पण त्यानंतर दोन दिवसांनी त्यांच्या पीआरचा मुलगा आला. आमच्याकडून बेडशीट बदलून घेतली, आधीच्या चादरीवर डाग होता म्हणून. सलाइन लावलेला हात उशीवर नीट ठेवायला लावला, अंगठा वर. चार वेळा. तिसऱ्या वेळी इंट्राकॅथ (सलाइनसाठी शिरेत घातलेली नळी) दुखायला लागला तर म्हणाला, सर, एकच अजून. तो फोटो सगळीकडे गेला. त्याला कुणी काही बोललं नाही. त्यांचाच हात, त्यांचंच दुखणं, बरोबर आहे. तरी मला मामा आठवत राहतात.

बेल वाजली. येते.

--

मृद्गंधा_७
गुरुवार, सकाळी ६:४०

सिस्टर, वाचून गप्प झाले.

--

चिंचोके
गुरुवार, सकाळी ९:१०

मामांना काढलं ते नियमाने बरोबरच. पण टपरीवर गाठणाऱ्याचं नाव कुणी सीसीटीव्हीत शोधलं का? शोधलं नसणार.

--

शिळाछाप
गुरुवार, सकाळी १०:०२

टपरीवरचा तो पोरगा बहुतेक आमच्यातलाच कुणीतरी असणार, आठ हजारांवर. त्यालाही डेस्कवरून फोन आला असणार, 'बाकीच्यांकडे आहे, आपल्याकडे का नाही?' मी स्वतः असे फोन केलेत. दोन हजार त्याने खिशातून घातले असतील आणि बिल कधीच पास झालं नसेल.

--

तळटीप
गुरुवार, रात्री ९:४५

सिस्टर, मामा आता कुठे असतात? मुलीचं झालं का नर्सिंग?

--

सिस्टर इन्चार्ज
शुक्रवार, सकाळी ८:०५

मुलगी स्टाफ नर्स झाली, नाशिकला. मामा अंधेरीत एका सोसायटीत वॉचमन आहेत. सहाव्या मजल्यावर मालिकेतल्या एक मॅडम राहतात. मागे गेले होते तर सांगत होते, आठवड्यातून दोनदा जिमला जाताना फोटोवाली पोरं गेटवर येतात. येणार ते आधीच इंटरकॉमवर कळतं, मॅडमचाच फोन असतो: "मामा, साडेपाचला येतील, हाकलू नका. आणि त्यांच्यासाठी चहा सांगा." चहाचे पैसे मात्र वेळेवर मिळतात म्हणाले.